वखारीवरचं घर

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा पाहुणा जिना चढता चढता शिंकायला लागायचा. वर येऊन टेकला की आधी नाक पुसायचा, मग जयजिनेंद्र म्हणायचा. आम्हा मुलांना त्याची मोठी गंमत वाटायची. शिंकेवरून आम्ही माणूस ओळखायचो, हा निपाणीचा आणि हा बाहेरचा. निपाणीचा माणूस शिंकत नसे. त्याचं नाक कधीच मेलेलं असायचं. खाली आमची तंबाखूची वखार आणि वर आम्ही, असं ते घर होतं. सकाळी दिवे घालवायच्या आत बायका यायच्या, आणि मग दिवसभर पायाखालून काठ्यांचा आवाज चालू राहायचा. वाळलेली पानं कुटायची, चाळायची, काड्या वेगळ्या करायच्या. चाळणीचा एक खसखस आवाज असतो, तो थांबला की मला अजूनही जेवायची वेळ झाली असं वाटतं. आता तिथं मंगल कार्यालय आहे. मागच्या वर्षी एका लग्नाला गेले होते. ज्या जागी चाळण्या चालायच्या तिथं वधूवर उभे होते आणि मी अक्षता हातात धरून छताकडे बघत बसले होते, कारण त्या छतावर आमचं स्वयंपाकघर होतं.

वखार थोरल्या आप्पांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची. कागदावर ती दोघा भावांची होती, पण माझे वडील, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं आणि म्हणून आम्हीही अण्णाच म्हणायचो, त्यांनी वखारीत कधी लक्ष घातलं नाही. ते आमदार होते. आमदाराच्या घराला दारं असून नसल्यासारखी असतात. सकाळपासून जिन्यावर चपलांचा ढीग, कुणाला रेशनकार्ड पाहिजे, कुणाच्या पोराला वसतिगृह पाहिजे, आणि या सगळ्यांना चहा देणारी माझी आई. आई चिकोडीकडच्या खेड्यातली, माहेर पुरतं कानडी. बारीक अंगाची, बोलायला हळू, हसायला लागली की तोंडावर पदर घेणारी. आप्पा तिच्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं काही. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही ही आमच्या घरातली रीत. त्यामुळे बोलण्याचं काम माझ्याकडे. आई चुलीपुढे, आप्पा पाटावर, मधे दोन हातांचं अंतर, आणि आप्पा मला म्हणायचे, "पद्मा, तुझ्या आईला म्हणावं आमटी झकास झालीया." मी मान वळवायची. आई म्हणायची, "आणखी वाढू का इचार." मी परत मान वळवायची. शाळेत असेपर्यंत मला हे करमणुकीचं वाटायचं. मॅट्रिकच्या वर्षी ते माझ्या अंगावर यायला लागलं, कारण तोवर त्या दोघांमध्ये आमटीपेक्षा जड गोष्टी जायला-यायला लागल्या होत्या.

दिवस मावळायच्या आत जेवण. त्यामुळे आमची संध्याकाळ म्हणजे एक धांदल असायची. ज्वारीच्या भाकऱ्या, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, सणाला खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर. कांदा-लसूण घरात नाही. पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय ओठाला लागत नसे. ते फडकं आई रोज धुवायची, आणि रोज संध्याकाळपर्यंत ते तपकिरी व्हायचं. पाण्यानं नव्हे. घागरीवर झाकलेलं असताना हवेतून त्याच्यावर जे बसायचं त्यानं. वखारीकडच्या खिडक्या आम्ही बारा महिने बंद ठेवायचो. उन्हाळ्यात आत जीव शिजायचा, पण उघडली की भाकरीच्या पिठावर भुकटी. दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची भिंत. वारा म्हणून जो काही होता तो जिन्यातून यायचा, आणि जिना वखारीतून वर यायचा. आई दुपारी कधी कधी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायची. तिथं काही बघण्यासारखं नव्हतं.

अण्णांच्या डोक्यात तंबाखूच्या धुळीचं शिरलं ते एका दौऱ्यावरून. आमदारांची एक तुकडी कुठंतरी उत्तरेकडं कोळशाच्या खाणी बघायला गेली होती. बहुतेक आमदार असल्या दौऱ्यावरून शाली आणि फोटो घेऊन येतात. अण्णा आले ते झपाटल्यासारखे. तिथल्या वस्त्या, अंगणात खोकत बसलेले चाळिशीतले म्हातारे, छातीचे फोटो, आणि त्या आजाराला कायद्यानं दिलेलं नाव. जेवताना त्यांनी आप्पांपुढेच विषय काढला. "कोळशाच्या धुळीनं माणूस खोकला तर सरकार त्याला आजार म्हणतंय. औषधपाणी देतंय. आमच्या वखारीतल्या बाया खोकत्यात त्याला काय म्हणायचं?"

"नशीब म्हणायचं," आप्पा म्हणाले. ते काही दुष्ट माणूस नव्हते. मुंगी पायाखाली आली तर उडी मारून बाजूला होणारा माणूस. पण वखारीबद्दल बोलणं निघालं की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं.

मग विधानसभेतले प्रश्न सुरू झाले. अण्णा सीमाभागातले, मराठीसाठी सत्याग्रह करून हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आलेले. त्यांनी बंगळूरला कानडीत बोलावं हे त्यांच्याच काही माणसांना खपत नव्हतं. अण्णा म्हणायचे, खोकला दोन्ही भाषेत येतो. पण त्यांचं कानडी बाजारातलं, दर विचारण्यापुरतं. तेव्हा ते आई शिकवायची. ती भाकरी थापायची आणि अण्णा चुलीजवळ उभे राहून पाठ म्हणायचे. धूळु, केम्मु, दम्मु. धूळ, खोकला, दमा. चुकलं की आई पदराआड हसायची. त्या घरातल्या माझ्या सगळ्यात चांगल्या आठवणी त्याच आहेत. मध्येच आईला ढास लागायची आणि अण्णा ती थांबेपर्यंत कागद धरून उभे राहायचे. ढास थांबली की पुढचा शब्द विचारायचे. तिच्या खोकल्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं असं नाही म्हणणार मी. पण घरातला खोकला घड्याळाच्या टोल्यासारखा असतो, तो रोजचाच.

प्रश्नांना उत्तर एकच यायचं, आणि ते वखारवाल्यांनी पुरवलेलं असायचं. या बायका मिश्री लावतात, विड्या ओढतात, अर्धपोटी राहतात, म्हणून खोकतात. धुळीचा संबंध नाही. यावर अण्णांना बोलता यायचं नाही, कारण बायका मिश्री लावत होत्याच. तंबाखू भाजून दातांना चोळल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. डॉक्टरसुद्धा खांदे उडवायचे. म्हणून विधानसभेनं एक समिती पाठवून निपाणीतच साक्षी घ्याव्यात अशी मागणी अण्णांनी लावून धरली होती.

त्या उन्हाळ्यात आईला एक दिवस जिना चढवेना. अण्णा तिला बेळगावला घेऊन गेले, मी बरोबर होते. कॅम्पात लष्करातून निवृत्त झालेले एक डॉक्टर होते, दवाखान्यापुढे मोठी झाडं, आत फिनेलचा वास. त्यांनी फोटो काढला, तो उजेडाला धरला आणि आईला हिंदीत एकेक विचारत गेले. विडी? मिश्री? तपकीर? आई नुसती मान हलवायची. शेवटी अण्णाच म्हणाले, "आम्ही जैन आहोत डॉक्टर. दिवस मावळला की पाणीसुद्धा घेत नाही ती."

"मग घर कुठं आहे?"

"वखारीवर."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. म्हणाले, हा धुळीचाच दमा आहे, औषध देतो, पण औषध हे निमित्त, यांना त्या घरातून हलवा. मी आईकडे बघत होते. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. कुणीतरी अखेर ते म्हटलं होतं. मग मी अण्णांकडे बघितलं आणि त्यांचाही चेहरा उजळलेला दिसला, पण तो निराळ्या कारणानं. ते म्हणाले, "डॉक्टर, हे तुम्ही समितीपुढं सांगाल?"

मला त्या क्षणी अण्णांचा असा राग आला की आज सत्तरीला टेकले तरी तो पुरता गेलेला नाही. जन्मात मिश्रीला हात न लावलेली, गाळीव पाणी पिणारी, वखारीत एक दिवस काम न केलेली बाई, आणि छातीत तीच धूळ. वखारवाल्यांच्या उत्तराला याहून चांगलं उत्तर नव्हतं. अण्णांना इतकी वर्षं हवा असलेला पुरावा त्यांच्याच स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होता. घर हलवायचं डॉक्टर म्हणाले होते ते त्यांनी ऐकलंच नव्हतं की काय, मला ठाऊक नाही.

परतीच्या एस.टी.त आईनंच विषय काढला. "आपुन दुसरीकडं ऱ्हाऊया का? दोन खोल्या बास झाल्या."

"आत्ता घर सोडलं तर लोक म्हणतील भाऊ-भाऊ फुटलं. वाटणी झाली म्हणतील. मतदारसंघ हाय, कुसुम. थोडं थांब. एकदा समिती येऊन जाऊ दे."

आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुमी हिंडलग्यात हुता तवा सकाळी अंगणात तरी सोडत हुते." अण्णा हसले. तिला ते हसण्यासाठी म्हणायचं नव्हतं.

अखेर ती समिती निपाणीला येऊन आयबीवर साक्षी घेणार असं पावसाळ्यात ठरलं. अण्णा त्या समितीत होते. आपल्या बायकोची साक्ष होणार हे त्यांनी जेवताना सांगितलं, पाऊस येणार म्हणून सांगावं तसं. आप्पांचा घास हातातच राहिला. ते मला म्हणाले, "पद्मा, तुझ्या आईला इचार, हे खरं हाय का?" मी आईकडे वळले. आई म्हणाली, "मला आत्ताच कळतंय म्हणावं." मी परत वळले आणि तेवढं सांगितलं. त्यानंतर महिनाभर त्या दोघांचे निरोप माझ्यातून जात राहिले. आप्पांचा निरोप, की घरातली बाई पंचांपुढं उभी राहिली तर बाजारात तोंड दाखवायला जागा नाही. की या वखारीवर वीस घरं जगतात. आईचा निरोप, की माझं काही ठरलेलं नाही. अण्णांचा निरोप थेट असायचा, कारण ते नवरा होते, पण तोही निरोपच होता. की हजारो बायकांचा प्रश्न आहे. तिघंही एकाच घरात, एकाच चुलीवरचं खात होती. मी अभ्यासाला म्हणून पुस्तक घेऊन बसले की चाळणीची खसखस आणि आईची ढास यांच्यात मला वेगळं करता यायचं नाही. मला वाटायचं पळून जावं, पण पळायचं तर वखारीतूनच खाली जावं लागणार होतं.

समितीच्या आदल्या दिवशी आमची क्षमावाणी आली. पर्युषण संपलं की त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांपुढे हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात, आणि समोरच्यानं ती करायची असते. न करण्याची सोय नाही. आमच्याकडे तर आप्पा खाली जाऊन वखारीतल्या बायकांपुढेही हात जोडायचे. त्या बिचाऱ्या संकोचून पदर सावरायच्या. त्या दिवशी घरात हुग्गी शिजत होती. आप्पा देवळातून आले, ओल्या धोतरानं सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले आणि उभे राहिले. मी सवयीनं मधे जाऊन उभी राहिले. त्यांनी मला हातानं बाजूला केलं.

"कुसुम," ते म्हणाले. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "माझ्या वखारीपायी तुला तरास झाला. मला दिसत हुतं, मी बघितलं न्हाय. उत्तम क्षमा." आणि पासष्टीचा तो माणूस हात जोडून वाकला. मग वर बघून म्हणाला, "खाली पंखे बसवतो. वरच्या खिडक्यांना जाळ्या करतो. फकस्त उद्या आयबीवर जाऊ नगंस."

आई पदर सावरून उठली. तिचे डोळे भरले होते. खोटं नव्हतं ते, तिचंही आणि आप्पांचंही. "क्षमा केली, आप्पा," ती म्हणाली. एवढंच. आप्पांनी डोळे पुसले, हुग्गी मागून घेतली, आणि दुपारपर्यंत बाजारात सांगून आले की घरातलं घरात मिटलं.

अण्णा संध्याकाळी आले तेव्हा त्यांना हे रस्त्यातच कळलं होतं. ते आईला काही रागावले नाहीत. जैन घरात वाढलेले. क्षमा केल्यावर तोच विषय काढणं म्हणजे क्षमा न केल्यासारखंच, हे त्यांनाही तितकंच पटलेलं होतं. ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "झालं तर मग. संपलं." दोघा भावांचं वर्षभरात पहिल्यांदा एकमत झालं होतं, आणि तेही तिच्याबद्दल, तिला न विचारता. मी आईला विचारलं, "खरंच जाणार न्हाईस?" ती म्हणाली, "भांडी घासून घे."

दुसऱ्या दिवशी अण्णा समितीच्या माणसांबरोबर आधीच गेले होते. आईनं इरकल नेसली, माहेराहून आलेली, आणि मला म्हणाली, "चल." वखारीतून खाली उतरताना काठ्या थांबल्या. बायका बघत राहिल्या. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "वैनी, सावकाश जावा." चालत जायला आम्हाला फार वेळ लागला, दर वळणावर आईला थांबावं लागत होतं.

आयबी म्हणजे गावाबाहेरचा सरकारी बंगला. पुढे वडाची झाडं आणि झाडांखाली जीपगाड्या. आत लांब टेबलामागे समिती, बाजूला वखारवाले, त्यात आप्पा. आईला दारात बघून आप्पा उठून आले. हळू आवाजात, पण थेट तिलाच म्हणाले, "काल तू क्षमा केलीस."

"केली की. आजबी हाय ती," आई म्हणाली. "कालपातुर मनात राग हुता, तो घेऊन आले असते तर वंगाळ बोलले असते. आता राग न्हाय. जेवढं हाय तेवढंच सांगीन."

 खरं सांगायचं तर क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे हे मलाही त्या दारातच समजलं. अण्णा टेबलामागून अर्धे उठले होते, ते तसेच राहिले.

समितीचे अध्यक्ष धारवाडकडचे, पिकल्या मिशांचे, सावकाश बोलणारे. त्यांनी कानडीत विचारलं आणि आईनं कानडीत सांगितलं, दुभाष्या लागला नाही. घर कुठं, खिडक्या कशा, फडकं कसं रंगतं, केव्हापासून ढास लागते. वखारवाल्यांच्या वकिलानं मिश्रीचा प्रश्न विचारला. आईनं ओठ मागे ओढून त्याला आपले दात दाखवले. पांढरे स्वच्छ दात होते तिचे. खोलीत कुणीतरी हसलं आणि वकील खाली बसला. कॅम्पातल्या डॉक्टरांनी काय सांगितलं तेही तिनं सांगितलं, हवा बदलायला हवी हे सुद्धा. कारकून भराभर लिहून घेत होता. अध्यक्षांना तेवढ्यानं भागलं होतं. पण ते कागद आवरता आवरता, साक्ष संपली असं समजून, घरच्या माणसानं विचारावं तसं बोलले, "अम्मा, डॉक्टर एवढं सांगतात, तर तुम्ही अजून तिथंच का राहता?"

 आईनं आधी आप्पांकडे बोट केलं आणि मग अण्णांकडे. "ते या दोघांना विचारा. एकाला वखार सोडवत नाही, एकाला मतदारसंघ सोडवत नाही. मी कुठं राहू, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आज तुम्ही विचारलं."

कारकुनानं लिहायला पुन्हा पेन उचललं. अध्यक्ष खाकरले, आणि आपल्या सहकारी आमदाराची अब्रू राखावी म्हणून कारकुनाला हातानं खूण केली, हे राहू दे, घरगुती आहे. कुणीच अण्णांकडे बघत नव्हतं. मी बघत होते. त्यांची मान खाली होती, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.  मग आईनं चुलीपुढे शिकवलेल्या त्या मोडक्या कानडीत ते म्हणाले, "बरकोळ्ळी. लिहून घ्या ते. ती साक्षच आहे."

कारकुनानं अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी मान हलवली. त्यानं लिहून घेतलं.

त्या अहवालाचं पुढं काय झालं, त्यातलं किती कायद्यात आलं आणि किती फायलीत राहिलं, हे सांगणारे आजही निपाणीत आहेत, त्यांच्यापाशी मी हुज्जत घालत नाही. मला आठवतं ते एवढंच, की आम्ही बाहेर आलो आणि आईला मोठी ढास लागली. ती जीपला हात टेकून वाकली. अण्णा मागून आले. हातात कागद नव्हता. ढास संपेपर्यंत ते उभे राहिले, आणि संपल्यावर पुढचा शब्द विचारला नाही. म्हणाले, "कुसुम, कुठं ऱ्हाऊया गं?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. वर झाडाकडे बघितलं.

"सांगते की," ती म्हणाली. "आदी जरा हितं उभी ऱ्हाते."

मग आम्ही तिघं तिथं उभे राहिलो. ड्रायव्हरनं दोनदा येऊन विचारलं, निघायचं का. अण्णा त्याला म्हणाले, "बाईंना इचार."